निरोप कुणी धाडला?

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला हजारो वारली जमले, ते एका खोट्या निरोपावरून. गोदूताई येणार आहेत, त्यांची सभा आहे आणि जमीनदारांचे गुंड त्यांच्या जिवावर उठले आहेत, तेव्हा हाताला लागेल ती काठी घेऊन या, असा तो निरोप होता. पाड्यापाड्यांतून तो झपाट्याने फिरला. प्रत्यक्षात गोदावरी परुळेकरांनी सभा बोलावलेलीच नव्हती. निरोप जमीनदारांच्या माणसांनी पसरवला आणि त्यांनीच पोलिसांना कळवलं की आदिवासी दंगल करायला जमले आहेत, असं किसान सभेचं म्हणणं. पोलिसांनी गोळीबार केला. बाई येणार या भरवशावर माणसं लाल बावट्याभोवतून हलेनात. पाच जण मेले. त्यांतला एक जेठ्या गांगड.

ज्याने हा डाव रचला त्याची या मुलखाची जाण पक्की असली पाहिजे. इथे सरकारी दवंडीने माणूस घराबाहेर पडला नसता, छापील पत्रक तर कुणाला वाचताच येत नव्हतं. एका नावावर मात्र हजारो लोक रात्रीतून चालत येणार, हे त्याला ठाऊक होतं. त्या नावाला एवढं वजन यायला वर्षही लागलं नव्हतं. आज फोनमुळे माणसांची राजकीय मतं कशी घडतात यावर आपण तावातावाने बोलतो. त्या बोलण्यात सहसा न येणारी एक गोष्ट याच पट्ट्याच्या इतिहासात दिसते, म्हणून हा सगळा क्रम नीट लावून पाहायचा.

त्या वेळचा ठाणे जिल्हा अफाट होता. पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी मुरबाड आणि शहापूर, उत्तरेला डहाणू, आणि त्याही पलीकडे आज गुजरातेत गेलेलं उंबरगाव. १८९२ मध्ये तानसाचं धरण पुरं झालं तेव्हापासून मुंबईला या मुलखाची ओळख होती ती पाण्यामुळे. शिवाय तबेल्यांना गवत इथून जायचं, इमारतींना लाकूड इथून जायचं. पाणी, गवत आणि लाकूड शहरात पोचत होतं. ते जिथून येतं तिथल्या माणसांची बातमी मात्र पोचत नव्हती. डहाणू-उंबरगावकडे वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या. वेठ म्हणजे बिनमोल राबणं. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही फेड होईपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, धनकोच्या घरी गडी. याला लग्नगडी म्हणत.

गोदावरी मूळच्या पुण्याच्या गोखल्यांच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या. पती शामराव परुळेकर आणि त्या आधी भारत सेवक समाजात होत्या, मग किसान सभेत आल्या. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यात टिटवाळ्याला किसान सभेची महाराष्ट्रातली पहिली परिषद भरली. तिच्या तयारीसाठी हे दांपत्य जिल्हाभर हिंडलं. परिषदेला उंबरगावकडून मोजके वारली आले, आणि त्यांतला माह्या धांगडा व्यासपीठावर चढून वेठीबद्दल बोलला. मला या साऱ्या कथेत टिटवाळा फार महत्त्वाचं वाटतं. वेठीचं दुःख कुणी पुढाऱ्याने वारल्यांना समजावून सांगितलं नाही. वारल्याने ते उभं राहून सांगितलं आणि बाहेरच्या लोकांनी ऐकलं.

चार महिन्यांनी, २३ मे १९४५ रोजी, तलासरीजवळ झरीला सुमारे पाच हजार वारली जमले. ठरलं ते थोडक्यात असं: वेठ करायची नाही, जमीनदाराच्या खाजगी शेतावर दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, आणि आपसात फूट पडू द्यायची नाही. तोंडपाठ होतील एवढेच ठराव. लिहून नेण्याची सोयच नव्हती. परतल्यावर वारल्यांनी गावोगाव जाऊन लग्नगडी सोडवले. ऑक्टोबरात गवत कापणीचा हंगाम आला तेव्हा पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मिळेपर्यंत विळा उचलायचा नाही, असा संप झाला. तलवाड्याचा निरोप आला तो या संपाच्या ऐन भरात.

गोळीबाराने संघटना मोडली नाही. वेठ आणि लग्नगडी मात्र मोडली. पुढे गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकामुळे ही हकीकत शहरातल्या वाचकापर्यंत गेली, पण तोवर पाव शतक उलटलं होतं. तोंडी निरोपाची एक खोड मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो खोटा असू शकतो, प्राण घेऊ शकतो, पण त्याला आणणारा माणूस असतो. कुठल्या पाड्यावरून आला, कुणी आणला, त्याला कुणी सांगितलं, असं उलट चालत जाता येतं. तलवाड्याचा निरोप कुणाचा होता हे किसान सभा सांगू शकली ती त्यामुळेच.

मधली सत्तर वर्षं मी भराभर ओलांडतो. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेलं, डहाणू-तलासरी महाराष्ट्रात राहिलं. लाल बावटा तिथे टिकला. शहापूर-भिवंडीकडे ऐंशीच्या दशकापासून श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीचं काम उभं केलं, मुरबाडकडे इतर श्रमिक संघटना होत्या. झगडा सगळीकडे फिरून एकाच जागी येई: पिढ्यान्‌पिढ्या कसतो ती जंगलजमीन नावावर नाही. २००६ चा वनहक्क कायदा त्यासाठीच झाला. दावे भरले गेले, ग्रामसभांचे ठराव झाले, आणि फायली तालुका-जिल्ह्याच्या टप्प्यांत अडकल्या. कुठे दावा फेटाळला, कुठे दहा एकर कसणाऱ्याच्या हाती गुंठ्यांतला पट्टा ठेवला. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन डहाणू-तलासरी पालघरमध्ये गेले, शहापूर-मुरबाड ठाण्यात राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि काही महिने इंटरनेट चक्क फुकट मिळालं. ज्या पाड्यावर रस्ता धड नव्हता तिथे व्हिडिओ दिसू लागला.

या नव्या साधनाची पहिली मोठी चुणूक महाराष्ट्राच्या शेतकरी राजकारणात दिसली ती १ जून २०१७ ला, पुणतांब्याच्या शेतकरी संपात. रस्त्यावर दूध ओतल्याचे व्हिडिओ एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात तासाभरात जात होते. एक मोठी संघटना नाही, एक नेता नाही, तरी संप पसरला. सरकारने त्याच महिन्यात ३४ हजार कोटींच्या वर कर्जमाफी जाहीर केली. मध्यरात्रीच्या वाटाघाटींतून किसान सभेचे अजित नवले बाहेर पडले होते. कर्जमाफीच्या अटींवरून नाराजी राहिली, आणि आदिवासी पट्ट्याला तर तिचा उपयोगच बेताचा होता. सातबारा नावावर नसलेल्याला पीककर्ज देतं कोण?

तेव्हा ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. संघटकांच्या अंदाजाने सुरुवातीला वीस-पंचवीस हजार माणसं होती. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, त्र्यंबकेश्वर इथले कोकणा, महादेव कोळी, वारली. डोक्यावर लाल टोपी, हातात लाल झेंडा, पिशवीत भाकरीपुरता शिधा. इगतपुरीजवळ घाटनदेवी, मग कसारा घाट उतरून शहापूर तालुका, पुढे वासिंद, भिवंडी. मार्चच्या उन्हात रोजचे तीसेक किलोमीटर. ठाणे-पालघरचे शेतकरी वाटेत येऊन मिळत गेले. पहिले दोन-तीन दिवस देशाच्या वाहिन्यांवर या चालण्याची फारशी खबर नव्हती. महामार्गावरून जाणारी लाल रांग आधी दिसली ती फोनवर. कुणी पत्रकाराने टाकलेला फोटो, कुणी कार्यकर्त्याने घाटाच्या वळणावरून घेतलेला व्हिडिओ. आणि मग पाय. सोलवटलेले, फोडांनी भरलेले, फाटक्या चपलेतले किंवा अनवाणी पाय. एका वयस्क बाईच्या तळव्यांचं छायाचित्र किती हातांतून फिरलं याला हिशोब नाही.

११ मार्चला मोर्चा ठाण्यातून मुंबईत शिरला आणि शहराने जे केलं ते अनेकांच्या अजून लक्षात आहे. रस्त्याच्या कडेला लोक पाणी, बिस्किटं, खजूर घेऊन उभे राहिले. डॉक्टरांनी जखमा बांधल्या. कुणी नव्या चपला आणल्या, डबेवाल्यांनी जेवण गोळा करून पोचवलं. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांना वाहतुकीचा त्रास नको म्हणून दिवसभर चाललेली माणसं शीवच्या सोमय्या मैदानातून मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि दिवस उजाडायच्या सुमारास आझाद मैदानावर पोचली. ही बातमी सकाळी फोनवर फिरली आणि मोर्चाबद्दलचं शहरी मत तिने जितकं वळवलं तितकं कुठल्याही मागणीपत्रकाने वळवलं नसतं. त्याच दिवशी भाजपच्या खासदार पूनम महाजन यांनी ‘शहरी माओवादा’चा उल्लेख केला आणि त्यावर समाजमाध्यमांत टीकेची झोड उठली. संध्याकाळपर्यंत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने बहुतेक मागण्या मान्य केल्याचं लेखी दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढायचं कबूल केलं. परतीसाठी रेल्वेने भुसावळकडे खास गाड्या सोडल्या.

आता जरा थांबून पाहू. मत नेमकं कुणाचं बदललं? मोर्चेकऱ्याचं नाही. तो फोन पाहून निघाला नव्हता. गावच्या बैठकीत ठरलं, कार्यकर्ता घरी आला, वर्गणी काढली, शेजारी निघाला म्हणून हाही निघाला. झरीला गेलेला माणूस ज्या रीतीने गेला त्याच रीतीने. बदलली ती पाहणाऱ्याची नजर, आणि तीही काहीशी चुकीच्या बाजूने. फोनवर त्या पायांखाली ‘बळीराजा’, ‘अन्नदाता’ असं लिहून येत होतं. शहराने कर्जबाजारी शेतकरी पाहिला. मोर्चातले बहुसंख्य लोक सातबारा नसलेले, जंगलजमीन कसणारे आदिवासी आहेत हे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं तेव्हा अनेकांना तो मोर्चाला कमी लेखण्याचा प्रयत्न वाटला. हेतू काहीही असो, वस्तुस्थिती तीच होती आणि पहिली मागणीही तीच होती. चित्राने करुणा पोचवली, वनहक्क कायदा वाटेत गळाला.

मोर्चेकरी घरी पोचून आठवडा व्हायच्या आत, १७ मार्च २०१८ रोजी, केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण जगभर गाजलं. कोट्यवधी फेसबुक खात्यांची माहिती राजकीय प्रचारासाठी परस्पर वापरली गेली होती. फोन माणसाचं मत खिशातून काढून घेतो, असा धसका तेव्हापासून बसला. अभ्यासकांच्या हाती लागलेलं मात्र इतकं सरळ नाही. २०१० च्या अमेरिकी निवडणुकीत सहा कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांवर एक प्रयोग झाला. ‘मी मत दिलं’ या संदेशाबरोबर ओळखीच्या मित्रांचे चेहरे दाखवले तर मतदान थोडं वाढलं. नुसती सूचना दाखवली तर नाही. २०२० च्या निवडणुकीच्या वेळी काही हजार लोकांसाठी तीन महिने फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या मजकुराचा क्रमच बदलून पाहिला. त्यांना काय दिसतं ते बदललं, राजकीय मतं जवळजवळ होती तिथेच राहिली. ओळखीचा चेहरा हलवतो, अनोळखी मजकुराचा पूर तितका हलवत नाही, असं यातून दिसतं. टिटवाळ्याहून परतलेल्या वारल्यांना हे नवं वाटलं नसतं.

मतपेटीने २०१९ मध्ये आपला निकाल दिला. लाँग मार्चचे पुढारी जिवा पांडू गावित लोकसभेला दिंडोरीतून उभे राहिले. ते तिसरे आले, जागा भाजपच्या भारती पवार यांनी जिंकली. ऑक्टोबरात विधानसभेला कळवणची स्वतःची जागाही गावितांनी गमावली. ज्या माणसाच्या मागे चालणाऱ्या पायांनी देशाचे डोळे ओलावले, त्याच्या मतदारसंघात ते डोळे मतदार नव्हते. याच निवडणुकीत डहाणूला मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून आले, आणि २०२४ मध्ये पुन्हा आले. डहाणू म्हणजे तलवाडा-झरीचाच जुना पट्टा. फक्त जुन्या पुण्याईने जागा राखता येते असं मी म्हणणार नाही. उमेदवार, आघाडी, फाटाफूट, सगळंच असतं. पण गाजलेल्या चित्रापेक्षा गावच्या बैठकीचा टिकाऊपणा जास्त, एवढं या दोन निकालांवरून दिसतं.

फोनची दुसरी बाजू या दरम्यान उघडी पडली होतीच. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं. तसल्या टोळ्यांचे व्हिडिओ कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होते. देशभर अशा घटना घडत असल्याने सरकारने कंपनीला जाब विचारला, आणि त्याच महिन्यात फॉरवर्ड केलेल्या मजकुरावर तशी खूण दिसू लागली. भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी मजकूर पुढे ढकलता येईना. मजकूर पुढे आलेला आहे, इतकंच त्या खुणेवरून कळे. कुठून निघाला हे कळायची सोय नव्हती आणि आजही नाही. तलवाड्याचा निरोप उलट शोधता आला तसा हा येत नाही.

७ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या अफवांना आळा म्हणून, वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नवा निर्बंध कंपनीने जाहीर केला. त्यानंतर नवव्या दिवशी गडचिंचले घडलं. गाव डहाणू तालुक्यातलं, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ. टाळेबंदी चालू होती. रात्री चोर फिरतात, मुलं पळवतात, माणसाचे अवयव काढून नेतात, अशा अफवा परिसरात काही दिवस पसरत होत्या. गावकरी रात्रीचे पहारे देत होते. दोन-तीन दिवस आधी त्याच भागात एका डॉक्टरांच्या गाडीवर हल्ला झाला होता. १६ एप्रिलच्या रात्री कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक महामार्ग टाळून आतल्या रस्त्याने आले. वन खात्याच्या चौकीपाशी त्यांची गाडी अडवली गेली, आणि पोलीस हजर असताना जमावाने तिघांना मारलं. शंभराच्या वर माणसं लगोलग अटकेत गेली.

पहिली अफवा इथे संपली. दुसरी तीन दिवसांनी सुरू झाली, आणि ती गडचिंचल्याची नव्हती. १९ एप्रिलला मारहाणीचे व्हिडिओ देशभर पसरले. एका व्हिडिओत कुणीतरी ‘ओए बस’ असं ओरडतं. फोनवर ते ‘शोएब’ म्हणून फिरलं. त्यावरून हल्लेखोर मुसलमान ठरले. दुसरीकडे मिशनऱ्यांचं कारस्थान, तिसरीकडे कम्युनिस्टांचं. गावातल्या पदाधिकाऱ्यांचा पक्ष कोणता यावरून राजकीय पक्ष एकमेकांवर बोट दाखवू लागले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २० तारखेला यात धार्मिक रंग नाही असं सांगितलं. २२ तारखेला गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि तीत एकही मुसलमान नसल्याचं म्हटलं. राज्याच्या गृहमंत्र्याला आरोपींची यादी धर्माच्या हिशोबाने वाचून दाखवावी लागते, यात हरलं कोण ते मला सांगता येत नाही. एवढं खरं की लाँग मार्चच्या वेळी जे झालं तेच उलट्या अंगाने इथे झालं. घटना आदिवासी पाड्यावर घडली, मतं कडवी झाली ती शेकडो कोसांवर. डहाणूचं नाव प्रथमच ऐकणाऱ्याने ते आपल्या आधीच्या समजुतीत बसवून घेतलं. तिघांचे जीव कशामुळे गेले, रात्रीच्या पहाऱ्यात माणसं एवढी का भेदरली, पोलीस का थांबवू शकले नाहीत, हे प्रश्न मागे पडले. तपास पोलिसांकडून सीआयडीकडे गेला आणि राजकारणात तर वर्षानुवर्षं चालत राहिला.

१९४५ आणि २०२० मध्ये या एकाच मुलखात खोट्या खबरीने माणसं जमली आणि माणसं मेली. दोन्हीकडे सुरुवातीला भीती होती. पहिल्यात आपल्या बाईच्या जिवाची, दुसऱ्यात आपल्या पोरांच्या जिवाची. दोन्ही भीती गरिबाच्या खऱ्या भीती आहेत, हे विसरून ‘अडाणी जमाव’ असं म्हणणं फार सोपं. १९४५ ला नाव होतं आणि त्या नावामागे संघटना होती. गोळी झेलूनही जमावाने सूड उगवला नाही. २०२० ला रात्रीच्या अंधारात अडवलेल्या गाडीसमोर उभं राहून ‘थांबा, आधी विचारू’ म्हणणारा, आणि ज्याचं सगळे ऐकतील असा कुणी नव्हता. फोनने ती जागा रिकामी केली असं नाही. ती आधीच बरीच रिकामी होती, फोन तिथे येऊन बसला.

मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा लाँग मार्च निघाला. या वेळी कांद्याचा भाव कोसळलेला होता आणि राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठी संप सुरू होता. कसारा घाटातली लाल रांग पुन्हा फोनवर आली, पण पाहणाऱ्याला ती आता ओळखीची होती आणि पुन्हा एवढ्या हातांतून फिरली नाही. मंत्र्यांनी वाटेतच बोलणी सुरू केली, आणि मोर्चा शहापूर तालुक्यात वासिंदच्या मैदानावर थांबला. मुंबईत शिरलाच नाही. त्या मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात निवेदन केलं, कांद्याला क्विंटलमागे साडेतीनशे रुपये अनुदानाची घोषणा झाली, आणि १८ मार्चला लोक परतले. वनहक्काच्या दाव्यांसाठी समिती नेमली गेली, तिच्यात माजी आमदार गावित आणि आमदार निकोले यांची नावं होती. सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचं पहिलं लेखी आश्वासन मिळून तेव्हा पाच वर्षं झाली होती.